फाटकाबाहेरचे पाच गुण : धर्माच्या अभ्यासाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य मुंबईतलं एक अनुदानित कॉलेज. तिथल्या तत्त्वज्ञान विभागात दुसऱ्या वर्षाला धर्मांच्या तौलनिक अभ्यासाचा पेपर आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तोच ठेवला आहे. तक्रारीनंतर जी समिती नेमली गेली तिच्यावर मी इतिहास विभागाकडून होतो, त्यामुळे अर्ज, जर्नलं आणि बैठकांची टिपणं सगळी हाताखालून गेली.

आपल्याकडे धर्म हा विद्यापीठीय विषय म्हणून सलग शिकायला फारसा मिळत नाही. नेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेच्या यादीत ‘धर्मांचा तौलनिक अभ्यास’ हा स्वतंत्र विषय आहे, पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात त्यासाठी वेगळा विभागही आहे. मुंबईतल्या पोरांना मात्र तो वेचून घ्यावा लागतो. थोडा तत्त्वज्ञानात, थोडा पालीत, थोडा संस्कृतात, उरलेला समाजशास्त्रात. शिकवणारेही असेच वेचून तयार झालेले असतात. या पेपरच्या मॅडम मुळात ग्रंथांच्या माणूस, शांकरभाष्य शिकवण्यात हयात गेलेली. पण नुसते ग्रंथ वाचायला लावले की पोरांना धर्म म्हणजे पुस्तक वाटतं, हे त्यांना खटकायचं. ज्या शहरात एका दिवसाच्या लोकलच्या तिकिटात पाच धर्म बघून होतात, तिथे वर्गात बसून पाचांच्या नोट्स का उतरवायच्या, असं त्या स्टाफरूममध्ये म्हणायच्या. मला ते पटायचं, आजही पटतं.

म्हणून त्यांनी इंटर्नलचे 25 गुण पाच भेटींमध्ये वाटले. माहीमचा दर्गा, वांद्र्याचं माउंट मेरी, मशीद स्टेशनजवळचं 1796 सालचं बेने इस्रायलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, सिनेगॉग, फोर्टातली पारशांची एक अग्यारी आणि गिरगावातलं शंकराचं एक जुनं देऊळ. प्रत्येक भेटीला 5 गुण. भेटीनंतर चार प्रश्नांची उत्तरं जर्नलमध्ये लिहायची. सुरुवातीला दिलेल्या सूचनापत्रकात एक ओळ ठळक अक्षरांत होती : ‘केवळ पाहू नका, तिथले विधी स्वतः करून अनुभवा.’ आणि चौथा प्रश्न प्रत्येक भेटीला तोच, फक्त जागेप्रमाणे शब्द बदललेला. दर्ग्यात ‘फुलं वाहताना काय वाटलं?’, चर्चमध्ये ‘मेणबत्ती लावताना काय वाटलं?’, देवळात ‘तीर्थ-प्रसाद घेताना काय वाटलं?’

पहिल्या तीन भेटी झकास झाल्या. माहीमच्या दर्ग्याचे मखदूम अली माहिमी हे कुराणावर भाष्य लिहिणारे विद्वान होते आणि त्यांच्या उरुसात पहिला संदल, म्हणजे चंदन वाहण्याचा मान, मुंबई पोलिसांचा असतो, हे ऐकून डोक्याला रुमाल बांधलेली पोरं एकमेकांकडे बघत राहिली. माउंट मेरीच्या बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, तान्ही बाळं विकायला मांडलेली असतात. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखतं, ते मेणाचं आणून वाहायचं. एका मुलीने विक्रेतीला विचारलं, की परीक्षेसाठी काय असतं? तिने मेणाचं पुस्तक काढून दाखवलं. सिनेगॉगमधल्या काकांनी अस्सल मराठीत कोकणातल्या तेलघाण्यांची आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनवार तेल्यां’ची गोष्ट सांगितली.

चौथी भेट अग्यारीची. तिथे पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो. सगळा वर्ग फुटपाथवर उभा राहिला, दारावरचे माणसाच्या तोंडाचे पंखवाले बैल बघितले, चंदनाची लाकडं विकणाऱ्याशी बोलला आणि परत आला. मॅडमनी तिथे चौथा प्रश्न रद्द केला, बाहेरून केलेल्या निरीक्षणावर गुण दिले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढचं सगळं प्रकरण या चौथ्या भेटीवर फिरलं, म्हणून ती लक्षात ठेवावी.

काय घडलं

गिरगावच्या देवळाच्या फाटकापाशी एक विद्यार्थिनी थांबली. नायगावच्या चाळीत राहणारी, बौद्ध घरातली, वर्गात तोंड उघडलं तर नेमकं बोलणारी. “मॅडम, मी आत येत नाही. इथेच थांबून लिहिते.” मॅडम म्हणाल्या, “अगं, पाच मिनिटांचं काम आहे. हात नको जोडूस, नुसती चल.” ती नाही गेली. बाकीचे आत गेले, अभिषेक पाहिला, पुजाऱ्यांनी एकेकाच्या तळव्यावर तीर्थ घातलं, कपाळाला भस्म लावलं.

आठवड्याने जर्नलं परत मिळाली. तिच्या पानावर लाल शाईत ‘भेट अपूर्ण’ आणि खाली 5 पैकी 0.

ते पान मी नंतर वाचलं. आत काय चाललंय हे तिला दिसत नव्हतं, म्हणून तिने बाहेरचं टिपलं होतं. फाटकाजवळ गाय घेऊन बसलेली बाई, तिच्या पुढ्यातल्या चाऱ्याच्या जुड्या, पैसे देऊन गाईला चारा घालणारे आणि मग गाईला हात लावून तो छातीशी नेणारे लोक. चपला न काढता रस्त्यावरूनच नमस्कार करणारे किती प्रकारचे असतात, याची तिने चक्क वर्गवारी केली होती : थांबून दोन्ही हात जोडणारे, चालता चालता उजवा हात छातीला आणि कपाळाला लावणारे, फोनवर बोलणं न थांबवता मान किंचित झुकवणारे, आणि बेस्टच्या खिडकीतून, बस सिग्नलला नाही थांबली तरी मान वळवून देऊळ नजरेआड होईपर्यंत बघणारे. आतून आलेल्या कुठल्याच जर्नलमध्ये यातलं काही नव्हतं. आतल्यांनी बहुतेक ‘मन प्रसन्न झाले’ असं लिहिलं होतं, त्यातही निम्म्यांनी एकमेकांचं बघून.

तिने प्राचार्यांना अर्ज दिला. अर्जात तीन मुद्दे होते. एक, 14 ऑक्टोबर 1956 च्या धर्मांतराच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञा घरात पाळल्या जातात आणि त्यांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची, त्यांची उपासना न करण्याची आहे. दोन, संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार तिच्यावर अशी सक्ती करता येत नाही. तिसरा मुद्दा एका वाक्याचा : ‘अग्यारीच्या बाहेर उभे राहून सर्वांना गुण मिळाले, मग देवळाच्या बाहेर उभे राहून मला का नाहीत?’

समितीपुढचे पेच

समितीत आम्ही चौघे होतो. चौघांचीही आडनावं वाचली तर दोनच जाती निघतील. हे तेव्हा आमच्यापैकी कुणी बोललं नाही, बैठकीला आलेल्या मुलीच्या वडिलांनीही नाही, पण त्यांनी टेबलाभोवती एकदा नजर फिरवली ती मला दिसली.

पहिला पेच कायद्याचा. विधी शाखेतून बोलावलेल्या सहकाऱ्यांनी तो लवकर सोडवला. अनुच्छेद 28 चं तिसरं कलम सांगतं, की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा संस्थेत वा तिच्या आवारात होणाऱ्या उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. गिरगावचं देऊळ कॉलेजचं आवार नव्हे, तेव्हा शब्दशः हे कलम लागू होत नाही. शिवाय धर्माविषयी शिकवणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये गुरू नानक विद्यापीठाच्या प्रकरणात आणि पुन्हा 2002 मध्ये शालेय अभ्यासक्रमाच्या प्रकरणात मान्य केलेलं आहे. इथवर ऐकून विभागप्रमुखांचा चेहरा खुलला. मग सहकारी म्हणाले, “पण 1986 चा केरळचा निकाल आठवा.” तीन शाळकरी भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. आदराने उभं राहणं पुरेसं आहे, तोंड उघडायची सक्ती नको. “आपल्या पोरीने फाटकापाशी उभं राहून दीड पान लिहिलंय. कलम चुकलं असेल तिचं, मुद्दा नाही चुकलेला.” चौथा प्रश्न धर्माविषयी नव्हता, तो धर्म करायला लावणारा होता. तीर्थ घेतल्याशिवाय त्याचं उत्तरच लिहिता येत नव्हतं.

दुसरा पेच जास्त अवघड. त्याच वर्गातला आणखी एक बौद्ध मुलगा देवळात गेला होता. हात पाठीमागे बांधून, तीर्थाच्या रांगेत न लागता, पण आत. विभागप्रमुख म्हणाले, “तो गेला ना? मग हिलाच काय झालं?” आणि प्रतिज्ञांमध्ये देवळात पाऊल ठेवू नका असं कुठेच म्हटलेलं नाही, हेही खरं. आम्ही यावर तासभर घालवला. एक ज्येष्ठ सर तर नाशिकपर्यंत पोचले, “ज्या काळारामाच्या प्रवेशासाठी सत्याग्रह झाला...” वडील तोवर गप्प होते. बेस्टमधून निवृत्त झालेला माणूस, शर्टाच्या खिशाला पेन. ते म्हणाले, “सर, 1930 ला आम्ही दार उघडा म्हणत होतो. पाच वर्षांनी येवल्याला बाबासाहेबांनी सांगून टाकलं, हिंदू म्हणून मरणार नाही. तुम्ही 1930 वरच थांबलाय.”

मुलीला विचारलं, दर्ग्यात आणि चर्चमध्ये कशी गेलीस मग? तिथेही उपासनाच होती. ती म्हणाली, “तिथे मी पाहुणी होते. देवळात मी पाहुणी नाही, तिथे आमचा हिशोब आहे.”

इथे समितीला ठरवावं लागलं, की एखाद्याच्या प्रतिज्ञेचा अर्थ लावण्याचा अधिकार विभागाला आहे का. नाही, असं ठरलं. एकाच चाळीतल्या, एकाच धम्माच्या दोन मुलांनी दोन अर्थ लावले तर अभ्यासकाने दोन्ही टिपायचे. त्यांतला खरा कोणता हे ठरवायला लागलो, की आपण अभ्यासक राहत नाही, धर्मपीठ होतो. धर्माच्या अभ्यासाची ही अगदी पहिल्या तासाची शिकवण आहे आणि ती समितीच्या टेबलावर लागू करायला आम्हाला दोन बैठका लागल्या.

तिसरा पेच कुणाच्याच अर्जात नव्हता. मॅडमनी स्वतःहून सगळी जर्नलं पुन्हा काढली आणि ज्यांना देवळाच्या भेटीत कमी गुण होते त्यांना एकेकटं बोलावून विचारलं. एका मुलीने ‘तब्येत बरी नव्हती’ म्हणून आत जायचं टाळलं होतं. तिची पाळी होती, घरचा नियम पाळून ती बाहेर राहिली आणि लाजेखातर खोटं कारण देऊन गुण घालवून बसली. पूर्ण गुण मिळालेली एक मुस्लिम मुलगी हे कानावर आल्यावर आपणहून येऊन सांगून गेली : प्रसाद तिने घेतला होता, कागदात गुंडाळून बाहेरच्या गजरेवालीला दिला होता आणि चौथ्या प्रश्नाला ‘छान वाटले’ लिहिलं होतं. म्हणजे एकीने नाही म्हटलं, दुसरीने सबब सांगितली, तिसरीने उत्तर रचलं. शून्य आणि तक्रार पहिलीच्या वाट्याला, पैकीच्या पैकी गुण रचणारीला.

माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोलाची माहिती हीच. अर्ज आला नसता तर सूचनापत्रक छान चाललंय, असंच सगळे समजत राहिले असते.

कोणते पर्याय होते

नियम तसाच ठेवणं हा पहिला. पेपर ऐच्छिक आहे, पत्रक आधी दिलं होतं, पटत नव्हतं तर दुसरा पेपर घ्यायचा. विभागप्रमुखांचा कल इकडे होता. अडचण अशी की ऐच्छिक म्हटलं तरी पेपर बदलायची मुदत केव्हाच गेली होती, आणि अग्यारीचा प्रश्न अनुत्तरितच राहत होता.

तिला एकटीला सूट देऊन देवळाऐवजी निबंध लिहायला लावावं, हा दुसरा. दिसायला उदार. पण यात ती ‘सूट घेतलेली’ ठरते, आणि प्रसाद गुंडाळणारी मुलगी आहे तिथेच राहते.

प्राचार्यांना भेटीच बंद हव्या होत्या. “आजच्या वातावरणात डोक्याला ताप कशाला? व्हिडिओ दाखवा, असाइनमेंट द्या.” त्यांची भीती पोकळ नव्हती. अर्जाचा फोटो तोवर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला होता आणि दोन दिवस तिथे नको नको ते चाललं होतं. पण भेटी बंद करायला मॅडम आणि तक्रारदार मुलगी, दोघींचाही एकाच जोराने विरोध होता. माउंट मेरीच्या मेणाच्या पुस्तकाबद्दल कुठल्या व्हिडिओत कळणार, हा मुलीचा सवाल.

उरला चौथा : भेटी ठेवायच्या, गुण कशाला द्यायचे ते बदलायचं, आणि सगळ्यांसाठीच.

यावर मॅडमचा आक्षेप गंभीर होता आणि तो मी इथे हात आखडता घेऊन मांडणार नाही. त्यांचं म्हणणं, की बाहेर उभं राहून धर्म कळत नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या म्हणून त्यांना वारी लिहिता आली, दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात हेही चालल्यामुळेच दिसलं. विधीला अंग असतं, चव असते, वास असतो. तळव्यावरचं गार तीर्थ आणि त्यातला कापूर-तुळशीचा वास वर्णन वाचून येत नाही. पोरांना सगळीकडे फुटपाथवर उभं केलं तर ती पर्यटक होतील. यातला पहिला भाग बरोबर आहे. पण कर्वे आपल्या मर्जीने चालल्या, त्यांना कुणी पाच गुण लावले नव्हते. हे बैठकीत विधीच्या सहकाऱ्यांनी म्हटलं आणि मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

काय केलं

निर्णय यायला तीन आठवडे लागले. तोवर परीक्षेचे फॉर्म भरून झाले होते आणि मुलीला आपले इंटर्नल किती हे माहीत नव्हतं. ही दिरंगाई निव्वळ आमची, तिला कारण काही नाही. एका सदस्याला मूल्यांकनाच्या कामातून वेळ मिळेना एवढंच.

तिचं आणि पाळीमुळे बाहेर राहिलेल्या मुलीचं जर्नल पुन्हा तपासलं गेलं. अर्ज देणाऱ्या मुलीला 5 पैकी 4 मिळाले. एक गुण का कापला, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “गाईवाल्या बाईशी ती बोललीच नाही. नुसतं बघून लिहिलंय.” कापला ते योग्यच. मुस्लिम मुलीचे गुण बदलले नाहीत, चौथा प्रश्नच सगळ्यांसाठी बाद धरला.

पत्रक नव्याने लिहिलं. ठळक ओळ गेली. तीर्थ, प्रसाद, भस्म, चादर, मेणबत्ती, फुलं यांपैकी काय घ्यायचं, काय वाहायचं, आत जायचं की बाहेर थांबायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कारण विचारायचं नाही, लिहूनही घ्यायचं नाही. चौथ्या प्रश्नाच्या जागी आला ‘तुम्ही कुठे उभे राहून पाहिलंत, आणि तिथून काय दिसलं नाही?’ हा प्रश्न मॅडमनी स्वतः घातला. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातली सर्वांत चांगली कल्पना. गाभाऱ्यात उभ्या असलेल्यालाही आता मान्य करावं लागतं, की बेस्टची खिडकी त्याला दिसली नाही. गुण निरीक्षणाला, लोकांशी झालेल्या बोलण्याला आणि या प्रश्नाला. भावनांना गुण नाहीत.

पुढे काय झालं

पेपर चालू आहे. त्या मुलीने तिसऱ्या वर्षाला समाजशास्त्र घेतलं, सोबत पालीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करते. वर्गातलं तिचं आणि मॅडमचं नातं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही, दोघी एकमेकींशी जरा जपून बोलतात.

एका पालकांचा उलट्या बाजूने फोन आला, देवळाबाहेर उभं राहायला मार्क कसले देता म्हणून. त्यांना अग्यारीचं सांगितल्यावर त्यांनी फोन ठेवला.

तोटाही झाला आणि तो मॅडमनी आधीच सांगितला होता. नव्या पत्रकानंतरच्या तुकडीतली काही पोरं श्रद्धेने नव्हे, आळसाने बाहेर थांबली. एक टोळकं पूर्ण वेळ वडापावच्या गाडीवर होतं आणि ‘कुठे उभे होतात’ याचं उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे तसंच लिहिलं. कारण विचारायचं नाही असं ठरल्यावर आळशाला आणि प्रतिज्ञेवाल्याला वेगळं काढता येत नाही. बोलण्याला गुण आहेत, ते त्यांना मिळाले नाहीत, यापलीकडे आमच्याकडे उपाय नाही.

काय वेगळं करता आलं असतं

शून्य देण्याआधी थांबण्याची जागा अग्यारीपाशी होती. तिथे प्रश्न रद्द करताना, मग बाकीच्या ठिकाणी तो सक्तीचा का, एवढं कुणी विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण तिथे मनाई त्यांच्या बाजूने होती, म्हणून ती आपल्याला रीतसर वाटली. इथे नकार मुलीकडून आला, तो हट्ट वाटला.

भेटींच्या आधी निनावी चिठ्ठ्या घ्यायला हव्या होत्या. आता घेतात. सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने लिहायचं, की यांतल्या कुठल्या ठिकाणी काय करायला जड जाईल. चिठ्ठ्यांमध्ये जे निघतं त्याचा अंदाज स्टाफरूममध्ये बसून येत नाही. एका कॅथलिक मुलाला आरतीचं ताट हातात घ्यायचं नव्हतं, एका जैन मुलाला लंगरमध्ये, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या पंगतीत, जेवायचं नव्हतं, आणि एका हिंदू मुलीला, आजोबांच्या सुतकात असताना, कुठेच जायचं नव्हतं.

समितीत चौघे एकाच घडणीचे असू नयेत. त्यानंतरच्या समितीवर पाली शिकवणाऱ्या एका बाहेरच्या प्राध्यापकांना घेतलं आहे.

लंगरचा विषय निघालाच, तर एक मुद्दा अजून भिजत पडला आहे. या वर्षी भेटींच्या यादीत गुरुद्वारा आहे. तिथे डोकं झाकल्याशिवाय आत जाता येत नाही. विधीच्या सहकाऱ्यांच्या मते हा त्या जागेचा शिस्तीचा नियम आहे, उपासना नव्हे, तेव्हा आत जायचं तर पाळावा. मॅडमचं म्हणणं, डोकं झाकणं हीच तिथली उपासनेची सुरुवात आहे. पत्रकात सध्या ‘आत जाणाऱ्यांनी रुमाल आणावा’ एवढंच छापलं आहे.